मोफत संकेतस्थळ : एक सोपा मार्ग



शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली की मुलाचे वर्षभराचे साहाय्य बुडते. लोणावळ्याच्या फलकावरील सूचना कामशेत किंवा वडगावच्या घरी वेळेवर पोहोचेलच, असे नाही. ती प्रत्येक मोबाइलवर दिसावी यासाठी आज पैसा लागत नाही; थोडा अभ्यास लागतो.

तारखा, कागदपत्रांची यादी अशी सर्वांना सारखीच दिसणारी पाने म्हणजे 'स्टॅटिक' संकेतस्थळ. २००८ साली सुरू झालेल्या 'गिटहब पेजेस'वर ती मोफत ठेवता येतात. १ जीबीची मर्यादा आपल्या सूचनांना पुरून उरते. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तरच दरवर्षी शुल्क पडते.

खरी सोय पुढेच आहे. तारीख बदलली की मूळ पानातील एक ओळ दुरुस्त करून जतन करावी. 'गिटहब अ‍ॅक्शन्स' ही यंत्रणा नवे पान आपोआप चढवते. बहुधा काही मिनिटांत ते सर्वांना दिसते. प्रत्येक बदलाची नोंद राहत असल्याने चूक झाल्यास जुनी प्रत परत आणता येते.

मात्र एक पथ्य पाळावे. मोफत खात्यावरील या पानांचे मूळ भांडारही सर्वांना खुले असते. विद्यार्थ्यांचे गुण, फोन किंवा आधार क्रमांक तेथे कदापि ठेवू नयेत. अर्जही तेथे घेऊ नयेत. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलचा दुवा द्यावा.

तेरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी असे खाते उघडू शकतो. पालकहो, मुलांच्या हाती मोबाइल आहेच. त्याला हे काम द्या.