गाजरगवताचा खर्च कोणी सोसावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



पावसाच्या दोन सरी पडल्या की रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, शाळेच्या मैदानात आणि शेताच्या बांधावर गाजराच्या पाल्यासारखी रोपे तरारून येतात. महिना-दीड महिन्यात त्यांवर बारीक पांढरी फुले दिसू लागतात. हेच गाजरगवत, काँग्रेस गवत हे त्याचे लोकांनी ठेवलेले दुसरे नाव. वस्तुतः ते गवत नव्हे आणि गाजराचेही कोणी नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून त्याचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. दुसऱ्या नावावर सभेत हशा पिकतो. परंतु ज्याच्या अंगाला ही वनस्पती बाधते त्याला हसू येत नाही.

१९५५ साली ती पुण्यात आढळली व पुढे देशभर पसरली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ती आली, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. येथे सावधगिरी हवी. त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे पुण्यातील आढळानंतरचा आहे. शिवाय या वनस्पतीचे एकोणिसाव्या शतकातील भारतीय नमुनेही सापडले आहेत. आयात धान्यामुळे प्रसाराला हातभार लागला असणे संभवनीय आहे. परंतु सारे खापर परक्या जहाजावर फोडले की घरचा प्रश्न बाजूला राहतो. बी कोठूनही येवो, ते फोफावले ते उकरून ठेवलेल्या आणि कोणी वाली नसलेल्या जमिनीत. ही जमीन येथली आहे आणि तिची व्यवस्था येथल्याच संस्थांकडे आहे.

या झाडात, विशेषतः पानांवरील सूक्ष्म लवेत, पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पहिल्या स्पर्शाने बहुधा काही होत नाही. वारंवार संपर्क आला म्हणजे काहींच्या शरीराला त्याचे वावडे जडते. मग वाऱ्यावर उडणारा वाळका कणही पुरतो. पापण्या, चेहरा, मान, कोपराची लवण येथे खाज, लाली व फोड येतात. उन्हात त्रास वाढतो. दुखणे जुने झाले की कातडी जाड, काळपट होते आणि भेगाळते. काहींना दम्याचाही त्रास होतो. औषधांनी दाह शमतो, पण जडलेले वावडे सहसा जन्मभर सुटत नाही. म्हणून डॉक्टर सांगतात : या झाडापासून दूर राहा. कचेरीत बसणाऱ्याला हा सल्ला पाळता येतो. खुरपणीवर पोट असलेल्याला मात्र त्याचा अर्थ एकच होतो : काम सोडा.

अर्थशास्त्राचा प्रश्न येथे सुरू होतो. जमीन पडीक ठेवणाऱ्याला तणाचा काहीच खर्च येत नाही. तो खर्च शेजारचा शेतकरी आणि त्याच्याकडचा मजूर सोसतो. एक झाड हजारोंनी बी टाकते. ते पाण्याबरोबर, शेणखतातून, वाहनांच्या चाकांना लागून पसरते. एकाने आपले रान स्वच्छ केले तरी बांधापलीकडचे बी पुढल्या पावसात हजर होते. म्हणून ज्याने त्याने आपले पाहावे, हे येथे चालत नाही. कर्नाटकाने १९७५ साली कायद्याने हे तण उपद्रवी ठरविले. तरीही ते तेथून हटलेले नाही. घोषणेच्या मागे माणसे, पैसा आणि दरवर्षीचे काम नसेल तर कायदा कागदावरच राहतो.

तणनाशक फवारावे, हा सोपा मार्ग सुचविला जातो. पण साधनांवाचून फवारणी करणाऱ्याचे काय होते, हे २०१७ साली यवतमाळात कीटकनाशकांच्या विषबाधेने दाखवून दिले. औषध वेगळे असले तरी पंप त्याच पाठीवर असतो. मेक्सिकोतून आणलेला भुंगेरा १९८४ साली बंगलोरला सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो; मात्र थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडून राहतो. मोकळ्या जागी टाकळ्याचे बी फेकले तर तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. हे उपाय उपयोगी आहेत; पण ते हाताच्या कामाला जोड म्हणून.

तेव्हा हे काम सार्वजनिक आणि मजुरीचे मानले पाहिजे. जमीन ओली असताना, फूल धरण्याआधी, मुळासकट उपटणे ही त्याची रीत. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून गावाच्या कामासाठी मजुरी देण्याचे तत्त्व मान्य केले. तेच येथेही लागू व्हावे. प्रत्येक मजुराला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडाला फडके कामावर घेणाऱ्याने पुरवावे. ज्याच्या अंगावर पुरळ उठला असेल त्याला त्याच मजुरीवर दुसरे काम द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा रुग्णांची, त्यांच्या कामासह, नोंद ठेवावी. नोंद नाही तो आजार सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट स्वतःपासून सुरू करावयाची आहे. श्रमदान ही समाजवादी चळवळीची जुनी रीत आणि तिचा अभिमान योग्यच आहे. परंतु शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटावयास लावणे हे श्रमदान नव्हे. हातमोजे मिळाले नाहीत तर तो कार्यक्रम रद्द करावा. उत्साहाच्या भरात एखाद्या मुलाला जन्माचे दुखणे देण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत एवढेच विचारावे : गावच्या पडीक जमिनीवरचे गाजरगवत कोण काढणार, केव्हा काढणार, मजुरी किती आणि हातमोजे कोण देणार? चारही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि फुले दिसण्याआधी त्यांचा जाब विचारावा.