न दुखणारी जखम

मी मुंबईतल्या देवनारहून बोलतेय. वस्तीतल्या बचत गटांचं काम बघते. आज शुगरबद्दल, म्हणजे मधुमेहाबद्दल बोलूया.

आमच्या देवनारला कचऱ्याचा डोंगर आहे. 1927 साली इथे मुंबईचा कचरा टाकायला सुरुवात झाली. त्यातलं प्लास्टिक, भंगार वेचून कितीतरी बायकांनी घर चालवलं. पायात काच, खिळा जाणं त्यांचं रोजचंच. जसा तुमच्याकडे शेतात काटा मोडतो. काटा मोडला की कळ येते, आपण थांबतो, पाय बघतो.

पण शुगर बरीच वर्षं वाढलेली असेल, तर ती कळच येत नाही. आधी तळव्यांना मुंग्या येतात, आग होते. मग पाय बधिर होतो. जखम झालेली कळत नाही, आणि पायाला रक्त कमी पोचत असल्यामुळे ती भरतही नाही. पू होतो, बोट काळं पडतं. कधी बोट, कधी पायच कापावा लागतो.

असं का होतं? वाढलेली साखर रक्ताच्या बारीक नळ्या आणि नसा खराब करते. डोळ्याचा पडदा खराब झाला की नजर जाते. मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस करावं लागतं. मोठ्या नळ्या बिघडल्या की हार्ट ॲटॅक, लकवा. हार्ट ॲटॅकमध्येही छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो. म्हणून “मला काही त्रास नाही” यावर विसंबू नका.

गटातून कर्ज काढून नवऱ्याचं, सासूबाईंचं औषधपाणी आपण करतो. स्वतःची तपासणी मात्र पुढच्या महिन्यावर ढकलतो. तिशी ओलांडली की शुगर आणि बीपी तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही सोय असते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

ज्यांना शुगर आहे त्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा. डोळ्याचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. शुगर आटोक्यात आली म्हणून मनानेच गोळी बंद करू नका; ती गोळीमुळेच आटोक्यात आलेली असते.

रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवंडाला बघायला सांगा. अनवाणी फिरू नका. पाय शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. जखमेला हळद, चुना लावून वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारा: “तपासणी केलीस का गं?” जिची राहिली असेल, तिच्यासोबत एकीने जायचं. बाईचा दिवस बुडतो, एकटीला जायला नको वाटतं, म्हणूनच तपासणी राहते. सोबत असली की होते.