आधी फ्लॉपी वाचवा, मग ड्राइव्ह बदला
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



सोमवार ते शुक्रवार मी कंपन्यांचा डेटा जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवतो. शनिवार-रविवारी गराजमध्ये बसून जुन्या मोजमाप-यंत्रांचे फ्लॉपी ड्राइव्ह बदलतो. "काम एकच, फक्त पैसे पाचच दिवसांचे मिळतात," असं आमच्या घरचं मत आहे. ते काही खोटं नाही.

बालमंडळींसाठी सांगतो, 'सेव्ह'च्या बटणावर जे चौकोनी चित्र असतं ना, ती एक खरीखुरी वस्तू होती! साडेतीन इंचांच्या त्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात बसणं कठीण. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. पण विक्री थांबली म्हणून वापर थांबतो असं नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाच्या संदेश-यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत होत्या.

माझ्या छंदातली यंत्रं म्हणजे ऑसिलोस्कोप, लॉजिक अनॅलायझर वगैरे. डॉक्टरांचा ईसीजी जसा हृदयाचे ठोके दाखवतो, तशी ही यंत्रं सर्किटमधले विजेचे चढउतार दाखवतात. १९८० आणि ९०च्या दशकांत त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. आज तीच जुन्या बाजारात मिळतात आणि आतलं सर्किट बहुतेक वेळा ठणठणीत असतं. रुसतो तो फ्लॉपी ड्राइव्ह. साहजिक आहे, पंखा सोडला तर आत हलणारा तेवढाच एक भाग. काहींत रबरी पट्टा असतो, तो वितळून चिकट होतो. हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचं ग्रीस सुकतं. छोटे कपॅसिटर गळतात. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, त्यातली गत!

इथे दोन प्रकार ओळखायला हवेत. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस मालिकेतल्या ऑसिलोस्कोपना फ्लॉपी लागते ती पडद्यावरचं चित्र साठवायला. ड्राइव्ह गेला तरी यंत्र चालतं. पण ह्यूलेट-पॅकार्डचा १६५००ए हा लॉजिक अनॅलायझर घ्या. त्या काळात रंगीत टचस्क्रीन, मागे कार्डांसाठी पाच खाचा, एकदम राजेशाही थाट! पण त्याची सिस्टिम फ्लॉपीवरून चढते. फ्लॉपी नाही तर यंत्रही नाही. एवढं अवजड धूड, आणि त्याचा जीव, गोष्टीतल्या राक्षसासारखा, भलत्याच पोपटात!

म्हणून माझा पहिला नियम: आधी फ्लॉपी वाचवा, मग ड्राइव्हला हात लावा. ड्राइव्ह पुन्हा मिळेल, त्या यंत्राची सिस्टिम डिस्क मिळेलच असं नाही. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. बुरशी दिसते का ते पाहा. खराब ड्राइव्हमध्ये एकुलती एक फ्लॉपी कधीच घालू नका, हेडला चिकटलेली घाण तिला खरवडून काढते. आणि विंडोजने "फॉरमॅट करू का?" विचारलं तर चुकूनही 'हो' म्हणू नका. ह्यूलेट-पॅकार्डची 'लिफ' ही मांडणी विंडोजला कळत नाही, म्हणून त्याला फ्लॉपी कोरी वाटते. न कळणं आणि कोरं असणं यांत फरक आहे, मंडळी!

यावर उपाय आहे 'ग्रीजवीझल' नावाचा छोटा बोर्ड. तो पीसीचा जुना, चांगला ड्राइव्ह यूएसबीने लॅपटॉपला जोडतो आणि मजकुराचा अर्थ न लावता फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतो. अर्थ नंतर सावकाश लावता येतो.

आता ड्राइव्ह. 'गोटेक' नावाची डबी साडेतीन इंची ड्राइव्हच्याच मापाची असते. समोर पेनड्राइव्ह खोचायचा, मागे तीच ३४ पिनांची केबल. यंत्राला वाटतं, आत फ्लॉपी फिरते आहे! तिच्यात 'फ्लॅशफ्लॉपी' हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर घालायचं, म्हणजे अनेक जुन्या मांडण्या चालतात. ग्रीजवीझल आणि फ्लॅशफ्लॉपी दोन्ही केअर फ्रेझर यांचीच देणगी.

तरी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, यंत्र ड्राइव्हला कोणत्या क्रमांकाने हाक मारतं. पीसीसाठी बनलेले ड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकाला 'ओ' देतात, बरीच यंत्रं पहिल्याला हाक मारतात. दोन, ३४ क्रमांकाची पिन. पीसीत ती 'डिस्क बदलली' म्हणते, जुन्या यंत्रांत 'मी तयार आहे' म्हणते. तीन, वेग. नेहमीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, सोनीचे काही जुने ६००. आणि यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढाच. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही जबर विद्युतभार राहू शकतो, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

आता हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय? कारण ही गोष्ट नुसत्या यंत्रांची नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचो. प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे, फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. कोणाच्या कपाटात जुन्या अंकांची, आईने लिहिलेल्या आठवणींची, नाटकाच्या संहितेची फ्लॉपी पडून असेल, तर तिलाही दोन कुलपं आहेत, ड्राइव्हचं आणि फॉन्टचं. दोन्ही उघडता येतात. पण फ्लॉपीवरचा चुंबकीय थर झिजून गेला, तर उघडायला काही उरतच नाही.

तेव्हा यंदा दिवाळीच्या साफसफाईत फ्लॉपी सापडली तर केराच्या टोपलीत टाकू नका, "बघू चालते का" म्हणून कुठल्या ड्राइव्हमध्येही घालू नका. मला द्या. शनिवार-रविवार गराज उघडंच असतं, आणि चहाही मिळतो.