पत्त्याला उद्याचं कळत नाही


आज आम्ही टॅरोच्या पत्त्यांविषयी बोलणार आहोत. विहारात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्याच वस्तीतली शिकलेली मुलं-मुली मोबाईलवर हे पत्ते बघतात. नोकरी लागेल का, लग्न जमेल का, असं विचारतात आणि पैसेही भरतात. त्यांना हसून भागणार नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि आमच्या खात्यातले साचे थांबले, ते थांबलेच. उद्याचा भरवसा गेला की माणूस कुणापुढंही तळहात धरतो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. फुटपाथवरचा पोपट चिठ्ठी काढतो, तसेच आता हे पत्ते.

या पत्त्यांचा इतिहास बघा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते निघाले, ते निव्वळ खेळण्यासाठी. पुढे 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं लिहिलं की, यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान आहे. पुरावा काही नाही! इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती. तिचं कोडं शांपोल्यों यांनी 1822 साली उलगडलं. तरी लोकांनी मानलं. जुनं म्हटलं की खरं मानायची खोड सगळीकडं सारखीच.

आज सर्रास दिसणारा 78 पत्त्यांचा कॅट 1909 साली लंडनला निघाला. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. नाव मात्र पडलं ‘रायडर-वेट’, म्हणजे प्रकाशकाचं आणि काम सांगणाऱ्याचं. राबणाऱ्याचं नाव कसं गळतं, हे गिरणी कामगाराला नव्यानं सांगायला नको.

त्यात एक पत्ता आहे. उंच मनोऱ्यावर वीज पडलीय, दोन माणसं खाली कोसळताहेत. आम्हाला त्यात गिरणीची चिमणी दिसते. एखाद्या ताईला मोडलेला संसार दिसेल, विद्यार्थ्याला नापासाचा निकाल. पत्ता तर एकच! फरक आला तो बघणाऱ्याच्या मनातून. म्हणजे पत्त्याला उद्याचं काही कळत नाही; आज आपल्या मनात काय साठलंय, ते त्याच्या निमित्तानं वर येतं. म्हणून काही लोक भविष्य बाजूला ठेवून, केवळ आत्मपरीक्षणासाठी हे पत्ते वापरतात.

भविष्य सांगून पोट भरणं तथागतांनी हलकं मानलं. ब्रह्मजाल सुत्तात अशा विद्यांची यादीच आहे. राहुलाला मात्र त्यांनी आरशाचा दाखला दिला. काही करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून बघ, यानं स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होतं का?

तेव्हा तरुणांनो, पत्ता हाती घ्यायचाच असेल तर ‘माझं काय होणार’ हे विचारू नका. मला भीती कशाची वाटते? त्यातलं माझ्या हातात काय आहे? आज कोणतं एक काम करता येईल? एवढं विचारा आणि उत्तर वहीत लिहा. मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत बसू नका. तो आरसा नव्हे, ती मनाची फसवणूक. आणि यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पत्ता नसला तरी वही पुरते. एकट्यानं निभत नसेल, तर विहारात या. बसू, बोलू, वाट काढू.

जयभीम! नमो बुद्धाय!