मिरचीने मान का टाकली?

(कपिलधार येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कपिलधारला आपण कार्तिकी पौर्णिमेला येतो ते मन्मथस्वामींच्या दर्शनाला. आज आलो आहोत ते आपल्या घरच्या कामाला. सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले. मला वेळ दिला आहे तो मिरचीवर बोलायला. कुणी म्हणेल, आम्ही कापूस-ज्वारीवाले कोरडवाहू, आमच्यापुढे मिरचीचे कशाला? पण ज्याच्या विहिरीला चार महिने पाणी टिकते, त्याच्या रानात दहा-वीस गुंठे मिरची असतेच. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो आणि आल्या पावली सावकाराकडे जातो. मिरची मात्र दर आठवड्याला नेकनूरच्या नाहीतर बीडच्या बाजारात नेता येते. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, म्हातारीचे औषध त्यावर भागते. ती मिरची दोन दिवसांत मेली, तर घरातला रोकडा पैसाच बंद होतो. आणि आज मी जे सांगणार आहे, ते कापसालाही तितकेच लागू आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या पावसानंतर याच बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावातून निरोप आला. वीस गुंठे मिरची, फुले-फळांनी लगडलेली, दुसरा तोडा झालेला. पाऊस उघडला, कडक ऊन पडले आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या रानाने मान टाकली. पाने हिरवीच, पण लोंबलेली. घरधनी म्हणाला, "परवापर्यंत डोळे निवत होते बघून, कुणाची नजर लागली?" घरच्यांना वाटले, झाडे उन्हाने सुकली. पोराने मोटार चालू केली आणि वरच्या अंगाला पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी आणखी झाडे गेली. मग दुकान गाठले. झाड न बघताच दुकानदाराने बुरशीची पावडर दिली, एक टॉनिक दिले, मुळ्या फुटायचे औषध दिले आणि "बॅक्टेरिया असेल तर असावे" म्हणून चौथी बाटली दिली. पक्के बिल नाही, चिठ्ठीवर नुसता आकडा.

आता आपण त्या रानात जाऊ आणि एकेक गोष्ट तपासू. पण आधी एक ध्यानात घ्या. 'मर' हे रोगाचे नाव नव्हे. अंगात ताप आहे म्हटल्याने तो हिवतापाचा की मुदतीचा हे कळत नाही. तसेच झाड सुकले म्हणजे पानापर्यंत पाणी पोचत नाही, एवढेच कळते. का पोचत नाही, याची निदान सात-आठ कारणे आहेत, आणि एका कारणाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून औषधाचा विचार करण्याआधी सहा प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, किती दिवसांत मेले? खालची पाने पिवळी पडत, एखादी फांदी आधी सुकत आठ-पंधरा दिवसांनी झाड गेले, तर संशय फ्युजेरियम बुरशीवर. हिरवेगार झाड दोन-तीन दिवसांत लोळले, तर संशय जिवाणूवर, बुंधा कुजण्यावर किंवा मुळ्या गुदमरण्यावर.

दुसरा प्रश्न, रानात कुठे मेले? बांधावर उभे राहून बघा. एका चकंदळात मेले, की सखल भागात, की पाण्याच्या दांडाने सरीच्या सरी गेली, की इथे एक तिथे एक? या रानात दोन वेगळी चित्रे दिसली. खालच्या अंगाला, जिथे पाणी तुंबून रान चिभडले होते, तिथे सलग पट्टा गेला होता. वरच्या अंगाला मात्र एका कोपऱ्यात ठिगळासारखी झाडे सुकली होती आणि त्यांची खालची पाने पिवळी होती. घरच्यांनी दोन्हीला एकच धरले होते.

तिसरा प्रश्न खोडाला विचारायचा. झाड उपटा, बुंध्यापासून वर खोड उभे चिरा. सालीच्या आत तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली असेल, तर पाण्याच्या नळ्याच बुरशीने बुजवल्या आहेत. वरच्या कोपऱ्यातल्या झाडांत ती रेघ स्पष्ट होती. खालच्या पट्ट्यातली खोडे आतून पांढरी, स्वच्छ. बुंधा बाहेरून काळपट, पाणी मुरल्यासारखा कुजला असेल तर फायटोफ्थोरा. ती पाण्याबरोबर सरीने पळते. बुंध्याला पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे असतील तर स्क्लेरोशियम. ही दोन्ही लक्षणे या रानात नव्हती.

चौथी परीक्षा पाण्याच्या ग्लासाची. खर्च शून्य. नुकत्याच सुकलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा, स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात त्याचे टोक बुडवून धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला, तर जिवाणूची मर. कोकणातल्या आंबट जमिनीत ती फार, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात कमी. पण रोपे बाहेरून आणली असतील तर तपासलेच पाहिजे. आम्ही दोन्हीकडचे तुकडे बुडवून बघितले. पाणी नितळ राहिले. म्हणजे दुकानदाराची चौथी बाटली तिथेच बाद झाली.

पाचवा प्रश्न मुळाला. झाड ओढताच अलगद हातात आले आणि मुळ्या कुरतडलेल्या, तर हुमणी किंवा वाळवी. माती उकरली की अळी सापडते. मुळ्यांवर गाठी, तर सूत्रकृमी. त्याने केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत जाते. खालच्या पट्ट्यात गाठी नव्हत्या, अळी नव्हती. पांढरी मुळी मात्र एकही शिल्लक नव्हती. सगळ्या तपकिरी, मऊ, आणि मातीला कुबट वास.

सहावा प्रश्न, आधीची तीन वर्षे त्या जागी काय होते? खालच्या भागात ज्वारी आणि कापूस. वरच्या कोपऱ्यात दोन वर्षे वांगी, मग मिरची. बेवड मोडला होता. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची ही एकाच कुळातली भावंडे. एकामागून एक तीच घेतली की जमिनीतले रोग पोसत जातात.

आता उत्तर जुळते. वरच्या कोपऱ्यात फ्युजेरियमची मर. ती पावसाच्या आधीच सुरू झाली होती, पावसाने नजरेत आली. आणि खालच्या पट्ट्यात कुठलाही रोग नव्हता, तिथे मुळ्या गुदमरल्या होत्या. एका रानात दोन कारणे, आणि दुकानातल्या चार बाटल्यांतली एकही खालच्या पट्ट्याच्या कामाची नव्हती.

हे गुदमरणे नीट समजून घ्या. मूळ जिवंत आहे, त्याला श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. पाऊस पडून ती पोकळी पाण्याने भरली की हवा हटते. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्यापेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळाला श्वास मिळाला नाही की त्याची पाणी ओढण्याची ताकद जाते. वर ऊन कडक, पाने पाणी फेकतात, खालून पुरवठा बंद. झाड गुडघाभर पाण्यात उभे राहून तहानेने मरते. मिरचीचे मूळ या बाबतीत फार नाजूक, एक-दोन दिवसांचे तुंबलेले पाणीही तिला सोसत नाही.

आणि आपली खरी अडचण इथेच आहे. आपला जिल्हा दुष्काळाचा. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या तीन पिढ्यांनी सुकलेले झाड पाहिले की त्याला तहान लागली, एवढेच पाहिलेले. म्हणून हात आपोआप मोटारीच्या बटणाकडे जातो. सुकलेल्या झाडाला पाणी देण्याआधी मूठभर माती हातात घ्या. वीतभर खोलची. तिचा लाडू झाला, बोटाला चिकटली, तर पाणी देणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतणे. वाफसा असेल, माती कोरडी असेल, तरच पाणी.

कापसात तुम्ही हेच पाहता. बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, आधी पावसाची मोठी उघडीप, मग जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी, आणि दोन दिवसांत झाडे लोंबतात. त्याला आकस्मिक मर म्हणतात. तीही रोगजंतूची नव्हे. त्यावर पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालवणे. मग वाफसा येताच १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरे पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड घेऊन झाडाला पाव ते अर्धा लिटर आळवणी करायची आणि बुंध्याजवळची माती पायाने दाबायची. ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मान टाकून एक-दोन दिवसच झालेली झाडे यातून उठतात. वाळलेले झाड कशानेही उठत नाही, त्यावर पैसा घालू नका.

ज्वारीत उलटे घडते. रब्बी ज्वारी दाणे भरताना ओल तुटली की खडखड्या येतो. ताट आतून पोकळ होऊन लोळते. तिथे बुरशीला वाव मिळतो तो कोरडेपणामुळे. म्हणजे पाणी कमी झाले तरी मर, जास्त झाले तरी मर. म्हणून म्हणतो, लक्षण एक असले तरी कारण शोधावे लागते.

तूरवाल्यांसाठीही एक सांगतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ सारखे वाण मर रोगाला तोंड देतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुरीची मर आणणारी बुरशी वेगळी आणि मिरचीची वेगळी. तुरीच्या मरीच्या रानात मिरचीला त्याच बुरशीची भीती नाही. दुकानात मात्र दोन्हीला एकच पुडी मिळते.

आता औषधाचे. कार्बेन्डाझिम ही पावडर मर म्हटले की पहिली हातात पडते. फायटोफ्थोरावर ती चालत नाही, जिवाणूवर चालत नाही, गुदमरलेल्या मुळीवर तर प्रश्नच नाही. फायटोफ्थोरा असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेले औषध लागते, तेही निचरा केल्यावर. फ्युजेरियमने आतून रंगलेले झाड वाचत नाही. ते मुळासकट उपटून रानाबाहेर जाळा, आणि शेजारच्या झाडांचे बघा. जिवाणूच्या मरीवर रोग आल्यावर खात्रीचे औषध नाही. म्हणजे खरा इलाज लागवडीच्या आधीचा आहे. मिरची सपाट रानात लावू नका, गादीवाफ्यावर किंवा उंच वरंब्यावर लावा, उताराला चर ठेवा. ट्रायकोडर्मा एकरी दोन-अडीच किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, लागवडीपूर्वी टाका. मेलेल्या झाडावर ओतून उपयोग नाही. आणि बेवड सांभाळा. मिरचीनंतर तीन वर्षे त्या जागी ज्वारी, बाजरी घ्या. ज्वारीला भाव नाही म्हणून आपण तिला रानातून हाकलली. पण मर रोगाच्या बुरशीला ती खाद्य देत नाही, हा तिचा हिशेब बाजार समितीच्या पट्टीवर कधी लिहिला जात नाही.

त्या रानात पुढे काय झाले? मोटार बंद केली. खालच्या बांधाला तोंड पाडून चर काढला, वाफसा आल्यावर हलकी आळवणी केली. वाळलेली झाडे गेली ती गेलीच. कडेची, नुकतीच मलूल झालेली बरीचशी सावरली. वरच्या कोपऱ्यातली रंगलेली झाडे जाळली; तिथे आता ज्वारी आहे. चार बाटल्यांचे पैसे मात्र परत आले नाहीत.

म्हणून शेवटी संघटनेच्या कामाचे. कधी कधी दोष खरोखरच बियाण्याचा किंवा रोपांचा असतो. तेव्हा रागाने रान मोडू नका. आधी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पंचनामा होईपर्यंत काही ओळी उभ्या ठेवा. पक्के बिल, पिशवी, लेबल आणि लॉट नंबर जपून ठेवा. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात दिला आहे. पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याला तो निकालही वाचवणार नाही. आणि पाणी तुंबून मेलेल्या रानाचा दोष बियाण्यावर टाकला, तर उद्या खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही.

माझ्या तीन सूचना आहेत, त्यावर आज ठराव व्हावा. एक, प्रत्येक गावात दोन तरुण आणि दोन बायांनी हे सहा प्रश्न शिकून घ्यावेत. एक चाकू, एक ग्लास, एक भिंग आणि एक वही एवढे सामान. बाया यासाठी की मिरची तोडायला रोज त्याच रानात असतात, पहिले सुकलेले झाड त्यांनाच दिसते. दोन, पक्के बिल आणि त्यावर कोणत्या रोगासाठी औषध दिले हे लिहून मिळाल्याशिवाय कुणीही औषध घेऊ नये. तीन, पीक मेल्यावर पंधरा दिवसांनी अहवाल देणारी प्रयोगशाळा आपल्याला नको. नमुना दिल्यापासून दोन दिवसांत उत्तर देणारी सोय प्रत्येक तालुक्याला हवी, ही मागणी निवेदनात घालावी. तोपर्यंत अंबाजोगाई आणि खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे नमुने न्या. नमुना नेताना मेलेले झाड नको, अर्धवट सुकलेले झाड मातीसकट न्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने वही आणावी. किती रानांत झाडे सुकली, कुठल्या कारणाने, आणि किती पैशांची औषधे फुकट गेली, एवढे तीन रकाने भरलेले असावेत. निवेदन द्यायला जाऊ तेव्हा त्याच वह्या टेबलावर ठेवू.