उपवासाच्या ताटातले फुलके



तपासणीत शुगर निघाली की घरात पहिल्यांदा साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. मग भात बंद, बटाटा बंद, आंबा-चिकू बंद. हडपसरमध्ये आहारसल्ल्याचं काम करताना माझ्यासमोर जी माणसं येऊन बसतात, त्यांतली बरीचशी हे सगळं मनापासून पाळत असतात. तरीही जेवणानंतरची साखर दोनशेच्या खाली उतरत नाही. "मॅडम, गोडाला तर मी हातसुद्धा लावत नाही," असं ती कळवळून सांगतात आणि ते खरंच असतं. दिवसभरात काय काय खाल्लं ते नीट विचारलं, की मग उलगडा होतो. उपवासाचं म्हणून, हलकं म्हणून, पथ्याचं म्हणून किंवा औषध म्हणून जे निर्धास्तपणे पोटात जातं, त्यात कर्बोदकं भरपूर असतात. आज अशाच पदार्थांविषयी बोलायचं आहे.

कर्बोदकांत साखर येते, तसंच पिष्टही येतं. पिष्ट म्हणजे स्टार्च. ग्लुकोजचे कण एकाला एक जोडून झालेल्या त्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या जिभेला गोड लागत नाहीत, पण पचल्या की रक्तात ग्लुकोजच उतरतं. भाकरीचा नुसता घास, कालवणाशिवाय, मिनिटभर सावकाश चावून बघा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तोंडातच त्या साखळ्या तोडायला लागतं. म्हणून चवीवरून अंदाज बांधता येत नाही, मोजावंच लागतं. मोजायला आपण घरातलाच फुलका घेऊ. वीस-पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात. आता बाकीचे पदार्थ या मापाने बघत जाऊ.

सुरुवात साबुदाण्यापासून. हडपसरकरांना हे वेगळं सांगायला नको, की ज्ञानोबा माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघाली की दोन्ही आपल्या गावावरून जातात. इथून माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे. बहुतेक वर्षी ही वाटचाल ज्येष्ठ वद्य एकादशीला येते. त्यामुळे त्या दिवशी सोलापूर रस्त्यावर मंडळांचे मांडव लागतात आणि साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, चहा यांचं वाटप पहाटेपासून सुरू होतं. पुण्याहून सासवडपर्यंत तीसेक किलोमीटर चालायचं आणि त्यात दिवे घाट चढायचा, म्हणजे अंगात झटपट ताकद हवी. चालणाऱ्या वारकऱ्याच्या पायांना ती खिचडी खरोखर उपयोगी पडते. स्नायू ते ग्लुकोज वापरून टाकतात.

पण तीच ताटली आपण घरी सोफ्यावर बसून खातो. वर्षातून एकदा नव्हे, तर दर एकादशीला, चतुर्थीला, कुणी सोमवारी, कुणी गुरुवारी. साबुदाणा तयार होतो कसावा नावाच्या कंदापासून. तमिळनाडूतलं सेलम हे त्याचं मोठं केंद्र आहे. कंद किसून, धुऊन, त्यातलं फक्त पिष्ट काढून घेतात आणि त्याचे गोल दाणे पाडतात. त्यामुळे 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एका माणसाच्या खिचडीला साठेक ग्रॅम साबुदाणा लागतो, त्यात अर्धा बटाटा पडतो. झाले चार फुलके. वर एक केळं घेतलं की दीड फुलका आणखी. म्हणजे एरवी दोन फुलक्यांवर थांबणारं माणूस उपवासाच्या दिवशी साडेपाच फुलके खाऊन उठतं आणि रात्री "आज तर काहीच खाल्लं नव्हतं" म्हणत मीटरकडे बघत राहतं.

उपवास सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. आपल्या आयांनी-आज्यांनी आयुष्यभर सांभाळलेली ती गोष्ट आहे आणि तिला मान द्यायलाच हवा. फक्त ताटली बदलता येते. साबुदाण्याऐवजी भगर घेतली तर कर्बोदकं थोडी कमी होतात, प्रथिनं आणि थोडा चोथाही मिळतो. खिचडीच करायची तर साबुदाणा निम्म्यावर आणा, बटाटा वगळा, दाण्याचा कूट सढळ हाताने घाला आणि सोबत काकडीची कोशिंबीर व वाटीभर दही घ्या. दाण्यातल्या स्निग्धांशामुळे आणि प्रथिनांमुळे साखर सावकाश चढते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र निर्जळी किंवा दिवसभर निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. वारीत चालणाऱ्यांनी तर नाहीच. एका बाजूला गोळीचा परिणाम, दुसऱ्या बाजूला उन्हातली चाल, आणि पोट रिकामं. साखर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यातच कोसळू शकतो.

आता संध्याकाळच्या चहाकडे येऊ. चहा बिनसाखरेचा असतो, पण त्यासोबत मारीची चार बिस्किटं असतात. "मारी हलकी असते ना?" चार बिस्किटांत सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे फुलक्याहून थोडी जास्तच. डायजेस्टिव्ह किंवा नाचणीचं म्हणून मिळणाऱ्या बिस्किटांचा पुडा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. पहिल्या जागी बऱ्याचदा मैदा दिसतो आणि नाचणी पार मागे. शुगर-फ्री बिस्किटांबद्दलही हेच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर तसा दावा करता येतो. तो दावा साखरेपुरता आहे. मैद्यातलं पिष्ट आहे तिथेच असतं. काहींत माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं आणि ते तर साखरेइतक्याच वेगाने रक्तात उतरतं.

गुळाच्या चहाची दुकानं तर आता चौकाचौकात झाली आहेत. गुळाची चव चांगली, त्यात थोडी खनिजंही असतात. पण 100 ग्रॅम गुळात 85 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत आणि त्यातली बहुतेक साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही. मधाचंही तेच. उसाच्या रसाला तर औषधी म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या शेजारी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 साली ही संस्था स्थापन झाली. उसात साखर किती भरते हा तिथल्या संशोधनातला मोठा विषय. रसवंतीच्या एका पेल्यात 25 ते 30 ग्रॅम साखर जाते, म्हणजे दोन फुलके. तेही चोथा काढून टाकलेले, त्यामुळे चढायला वेळ लागत नाही.

काही ठिकाणी कर्बोदकं अगदीच ध्यानीमनी नसताना भेटतात. टोमॅटो केचपच्या वजनातला जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते. हॉटेलातलं सूप दाट होतं ते कॉर्नफ्लोअरने. पाकिटातल्या सूपचंही तसंच. खोकल्याच्या साध्या सिरपमध्ये साखरेचा पाक असतो. औषधाच्या दुकानात बिनसाखरेचं मागितलं तर मिळतं, पण मागावं लागतं. बहुतेक च्यवनप्राशात निम्म्याहून जास्त साखरच भरते. आणि हिंग! बाजारातल्या हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ लिहिलेलं असतं, कारण शुद्ध हिंग इतका उग्र की तो पिठात मिसळूनच विकतात. चिमूटभर हिंगाने कुणाची शुगर वाढत नाही, पण ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, त्या सिलिॲकच्या रुग्णांनी ती ओळ वाचलीच पाहिजे.

हे ऐकून कुणी घाबरून वरण-उसळ बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाटीभर घट्ट वरणात फुलक्याएवढी कर्बोदकं असतात हे खरं. मटकीच्या उसळीतही असतात. पेलाभर दुधात दहा ग्रॅम लॅक्टोज असतं. पण डाळी-कडधान्यांबरोबर प्रथिनं आणि चोथा येतो, दुधाबरोबर प्रथिनं आणि कॅल्शियम. वरण घेतलंत तर एक फुलका कमी करा, एवढंच. गोळाभर भात आणि चमचाभर वरण हे आपल्याकडचं प्रमाण उलटं करायला हवं.

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय?" असं मगरपट्ट्यात काम करणारी तिशीतली मुलं विचारतात. त्यांना मी पुण्यातच झालेल्या कामाचा दाखला देते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय माणूस दिसायला सडसडीत असला तरी आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या जेवणातली निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतूनच येते. तेव्हा बारीक असणाऱ्यांनीही फुलके मोजायला हरकत नाही.

शेवटी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. ज्या घरी टाइप वन मधुमेह असलेलं मूल आहे, तिथली आई वाटीवाटीचा हिशेब ठेवते, कारण त्यावर इन्सुलिनचं माप ठरतं. शाळेच्या डब्यात चार बिस्किटं जास्त गेली तरी आकडा हलतो. आजूबाजूच्यांनी "एवढ्याशाने काय होतं" म्हणून त्या मुलाच्या हातावर काही ठेवू नये, आधी आईला विचारावं. मात्र साखर 70 च्या खाली गेली, घाम फुटला, हातपाय कापू लागले, की त्याच वेळी कर्बोदकं प्राण वाचवतात. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या वेळी चिक्की किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या.

खाण्यातली कर्बोदकं कमी झाली की गोळ्यांचं, इन्सुलिनचं प्रमाणही बदलावं लागू शकतं. ते स्वतःच्या मनाने बदलू नका. आठवडाभर काय खाल्लं, किती खाल्लं आणि दोन तासांनी मीटरवर काय आलं, हे एका वहीत लिहा. चहाबरोबरचं बिस्किट, खोकल्याचं औषध, उपवासाची खिचडी, काहीही वगळू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा रिपोर्टबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवा.