सहीच्या आधी वाचून दाखवा

(फुले-आंबेडकर जयंती सप्ताहात पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीला एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी किती जणांची आई किंवा वडील कधीतरी गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीवर होते? बरेच हात वर आले. आता त्यातल्या किती जणांनी त्या समितीचं रजिस्टर एकदा तरी उघडून पाहिलंय? सगळे हात खाली गेले. दोन वर्षांपूर्वी मीही हात खालीच ठेवला असता.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. माझा विषय आहे शाळा व्यवस्थापन समित्या आणि त्यांतले दलित पालक. कामाची सुरुवात मराठवाड्यातल्या आमच्याच तालुक्यातून केली. आमच्या गावच्या शाळेत जुनी रजिस्टरं चाळताना २०१३ सालचं एक पान समोर आलं. ठराव होता: शौचालयाच्या साफसफाईवर झालेला खर्च सर्वानुमते मंजूर. खाली सह्या होत्या. पाचवी सही माझ्या आईची होती, तिच्या वाकड्या अक्षरातली.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ चौथीत होता. शाळेचं शौचालय कोण धूत होतं, हे मला चांगलं आठवतं. आमच्या वस्तीतली तीन पोरं, त्यांत तो. भिजलेली चड्डी घेऊन घरी यायचा. म्हणजे ज्या कामाचे पैसे कागदावर खर्ची पडले, ते काम माझा भाऊ फुकट करत होता, आणि त्या खर्चाला मंजुरी माझ्या आईनं दिली होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर घरी आले व्हते रजिस्टर घेऊन. मीटिंग बिटिंग काही नव्हती. इथं सही कर म्हनले, केली. पण तू तर तवा नववीत व्हतीस. तिथंच पुस्तक घेऊन बसली व्हतीस. मंग तू का नाही वाचून दावलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज इथे उभी आहे ती त्याच प्रश्नामुळे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या जागा महिलांच्या. आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना शाळेतल्या त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. कर्नाटकात हिलाच एसडीएमसी म्हणतात. नावं राज्याराज्यांत बदलतात, पण देशभर मूळ कलम एकच आहे.

कामं तीन मुख्य. शाळेच्या कारभारावर देखरेख, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं. कलम २२ सांगतं की सरकारनं द्यायचं अनुदान आणि करायचं नियोजन याच आराखड्याच्या आधारे व्हावं. कागदावर पाहिलं तर ऊसतोड करणाऱ्या बाईच्या हातात एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या कायद्यानं क्वचितच दिली असेल.

पण कागदावरचा हक्क आपल्याला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचं पाणी आपल्या ओंजळीत आलं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. आपल्या आयांची नावं आज समितीत आहेत. त्या बैठकीपर्यंत अजून पोचायच्या आहेत.

मग पोचल्यावर आधी काय बघायचं? रजिस्टरांत मला सगळ्यांत जास्त ठराव दिसले ते रंगरंगोटी, गेट आणि पंधरा ऑगस्टच्या मंडपाचे. गेट वाईट नसतं. पण आपल्या पोरांच्या नजरेतून पाहिलं तर क्रम वेगळा लागतो.

पहिली गोष्ट, पोरांचा मान. कोण कुठे बसतं, पाण्याच्या पिंपातला ग्लास कोण उचलतं, झाडू कोणाच्या हातात दिला जातो, खिचडीच्या पंगतीत ताटं कशी लागतात. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम १७ नं बंदी आहे, आणि जातीवरून काम लावणं हा छळच आहे. स्वयंपाकाचंही बघा. सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेतल्या स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितलं. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांग इथे दलित भोजनमातेच्या हातचं खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिचं काम गेलं. कारण नियुक्तीच्या प्रक्रियेचं दिलं गेलं. देशभर ओरड झाल्यावर तिला परत घेतलं. अशा वेळी गावच्या समितीत आपलं कोण बसलंय आणि ते बोलतंय का, यावर खूप काही ठरतं.

दुसरी गोष्ट, पैसा. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे शौचालय धुण्यासाठी माणूस लावायला पैसे नाहीत, हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. किती आले, किती स्वच्छतेवर गेले, पावती कुठे आहे, एवढे तीन प्रश्न पुरेत. रजिस्टर दाखवत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

तिसरी गोष्ट, गळती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बाकं रिकामी होतात. गावात राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. पण त्यासाठी कोणतं पोर आजीजवळ राहणार आणि कोणतं ट्रकमध्ये बसणार, ही यादी टोळी निघण्याआधी व्हायला हवी. ती यादी माझी आई अर्ध्या तासात तोंडपाठ सांगू शकते. मुख्याध्यापकांना ते जमणार नाही, कारण ते वस्तीत राहत नाहीत. आपल्या आयांकडे जी माहिती आहे, ती शाळेच्या आराखड्यात कधी उतरलीच नाही.

आता तुमच्या-माझ्याबद्दल. आपण शिकलो, शहरात आलो, सेमिनारला गेलो. गावच्या शाळेबद्दल बोलताना आपण म्हणतो, पालक जागरूक नाहीत. मी स्वतः माझ्या संशोधनाच्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य लिहिलं होतं. आईच्या प्रश्नानंतर ते खोडलं. कागद वाचू शकणारं माणूस त्या रात्री घरातच होतं, आणि त्यानं मान वर केली नव्हती.

माझं एक मागणं आहे. आईच्या जागी तुम्ही बोलायला जाऊ नका, सदस्य ती आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी फोन करा. विषय काय आहेत ते विचारा. मागच्या ठरावांचा फोटो मागवा आणि तिला वाचून दाखवा. बैठक झालीच नसेल तर सही करू नको म्हणा. त्यानंतर घरी कोणी रागानं आलं, तर त्या वेळी फोनवर नाही, गावात हजर राहा. कारण सही नाकारण्याची किंमत गावात तिला मोजावी लागते, शहरात आपल्याला नाही. आणि महाराष्ट्रात समितीत एक जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी असते. आपल्या वस्तीतल्या बी.एड. झालेल्या पोरीनं ती मागायला काय हरकत आहे?

जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला लिहून दिलं होतं की शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. पैसा कोणाचा आणि जातो कुठे, हा त्यांचा प्रश्न आजही गावच्या शाळेच्या कपाटात पडून आहे. कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे असेल, पण ते उघडा म्हणण्याचा अधिकार आपल्या आईकडे आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या भावाची मुलगी त्याच शाळेत पहिलीत गेली. वहिनी या वर्षी समितीवर आहे. पहिल्या बैठकीचं रजिस्टर तिनं सही न करता घरी मागवलं, आणि आईनं मला फोन लावून दिला. म्हणाली, "आता वाच."

जय जोती, जय सावित्री, जय भीम.